रोज रात्री घड्याळ लावूनही सर्व्हरची वेळ का चुकते?

प्रश्न थोडक्यात असा: दहा लिनक्स सर्व्हर आहेत, त्यांतली दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभी केलेली. रोज रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) एक कमांड चालते आणि इंटरनेटवरच्या एका सर्व्हरवरून वेळ घेऊन घड्याळ लावते. तरी दिवस संपेपर्यंत मशीनमशीनमध्ये दोन-तीन सेकंदांचा फरक पडतो आणि लॉग एकत्र केले की कधी कधी उत्तर आधी, विनंती नंतर दिसते. मध्यंतरी एनटीपी डिमन, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवत मागे सतत चालू राहणारा प्रोग्राम, बसवून पाहिला, पण ‘तो वेळ दुरुस्तच करत नाही’. मग चूक कुठे आहे?

मशीनमध्ये काही बिघाड नाही, हे आधी सांगतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात दोन ते तीन सेकंदांची चूक म्हणजे दहा लाखांत साधारण २३ ते ३५ भाग, आमच्या बोलीत २३ ते ३५ पीपीएम. मदरबोर्डवरचा साधा क्वार्ट्झ क्रिस्टल एवढा चुकतोच. कारखान्यातून येतानाच तो थोडा जलद किंवा मंद असतो, त्यात मशीन तापलं की चाल आणखी बदलते. प्रत्येक क्रिस्टलचा स्वभाव निराळा, त्यामुळे एकाच दिवशी घेतलेली दोन सारखी मशीनंसुद्धा विरुद्ध दिशांना भरकटतात.

गडबड त्या क्रॉनच्या ओळीत आहे. ती घड्याळ *लावते*, पण घड्याळाची *चाल* तशीच राहते. भिंतीवरचं घड्याळ रोज दोन मिनिटं पुढे जात असेल तर रोज सकाळी काटे मागे घेणारा माणूस आणि एकदाच मागचा स्क्रू फिरवून चाल कमी करणारा घड्याळजी यांच्यात जो फरक, तोच तुमच्या क्रॉनमध्ये आणि एनटीपी डिमनमध्ये आहे. डिमन तुमच्या मशीनचा क्रिस्टल नेमका किती जलद किंवा मंद आहे ते मोजतो, तो आकडा ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगतो की प्रत्येक सेकंद एवढा एवढा आखूड किंवा लांब धर. मग नेटवर्क तासभर गेलं तरी घड्याळ पूर्वीसारखं वाहवत नाही.

आता तुमच्याकडे बहुधा काय झालं असेल ते बघा. डिमन बसवला, पण क्रॉनची ओळ काढली नाही. डिमन दिवसभर हळूहळू मोजमाप करतो आणि रात्री कुणीतरी मधूनच काटे हलवतो. डिमनला ते कळायला मार्ग नाही. त्याला दिसतं एवढंच की घड्याळाने अचानक उडी मारली, म्हणजे आपला चालीचा अंदाज चुकला. मग तो अंदाज बदलतो, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. एका घड्याळाला दोन मालक झाले की असंच होतं. तेव्हा पहिलं काम, ती क्रॉनची ओळ काढा.

उडी मारून घड्याळ लावणं किती महागात पडतं हे मी एकदा पाहिलंय. एका ठिकाणी रात्री अडीच वाजता असंच घड्याळ लावलं जायचं आणि अडीचलाच घरी लिहिलेला एक शेड्यूलर बिलांचं काम सुरू करायचा. त्या मशीनचं घड्याळ चाळीस सेकंद पुढे गेलं होतं. अडीच वाजले, काम सुरू झालं. त्याच क्षणी घड्याळ चाळीस सेकंद मागे गेलं. थोड्या वेळाने पुन्हा अडीच वाजले आणि काम दुसऱ्यांदा सुरू झालं. सकाळी प्रत्येक बिल दोनदा. शेड्यूलर लिहिणाऱ्याला सगळ्यांनी धारेवर धरलं. पण त्याच्या प्रोग्रामने सांगितलं तेच केलं होतं, अडीच दोनदा वाजले होते. (त्याची चूक होती, पण दुसरीच. तिच्याकडे शेवटी येतो.)

डिमन वेळ कशी मिळवतो हे एकदा आकड्यांत पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. एनटीपीचा जन्म डेव्हिड मिल्स यांच्या हातचा. १९८५ साली त्याचं पहिलं अधिकृत वर्णन आलं. आज चालणारी चौथी आवृत्ती २०१० सालच्या आरएफसी ५९०५ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात आहे. मधल्या काळात बरंच बदललं, पण गाभा एका छोट्या देवाणघेवाणीचा आहे. तुमचं मशीन यूडीपीच्या (नेटवर्कवर सुटी पाकिटं पाठवण्याची पद्धत) १२३ क्रमांकाच्या पोर्टवर ४८ बाइटचं एक पाकीट पाठवतं. चार क्षणांच्या वेळा नोंदल्या जातात: पाकीट निघालं तेव्हा तुमचं घड्याळ, पोचलं तेव्हा सर्व्हरचं घड्याळ, उत्तर निघालं तेव्हा सर्व्हरचं घड्याळ, आणि उत्तर हातात पडलं तेव्हा पुन्हा तुमचं घड्याळ.

समजा तुमच्या घड्याळात दहा वाजून शून्य मिलिसेकंदाला पाकीट निघालं. सर्व्हरने ते स्वतःच्या घड्याळात २५० व्या मिलिसेकंदाला घेतलं आणि २५१ व्याला उत्तर सोडलं. तुमच्याकडे उत्तर आलं तेव्हा तुमचं घड्याळ ४१ मिलिसेकंद दाखवत होतं. जाऊन येऊन लागले ४१, त्यातला १ सर्व्हरने खाल्ला, म्हणजे प्रवासाचे ४०. आता जाताना दिसलेला फरक २५०, येताना दिसलेला २५१ वजा ४१ म्हणजे २१०. दोन्हींची सरासरी २३०. तुमचं घड्याळ २३० मिलिसेकंद मागे आहे. ‘सर्व्हरने वेळ सांगितली आणि आपण ती लावली’ एवढा सरळ हिशोब हा नाही. प्रवासाला लागलेला वेळ यात वजा होतो, म्हणूनच कित्येक मैलांवरच्या सर्व्हरशी घड्याळ काही मिलिसेकंदांच्या आत जुळतं.

मात्र या हिशोबात एक गृहीतक दडलेलं आहे: जायला जेवढा वेळ लागला तेवढाच यायला लागला. वरच्या उदाहरणात जाताना ३० आणि येताना १० मिलिसेकंद लागले असतील, तर खरा फरक २२० निघतो. आपण १० ने चुकलो, आणि हे १० चार नोंदींकडे कितीही बघा, दिसत नाहीत. कितीही हुशार प्रोग्राम लिहिला तरी तो दिसणार नाही, कारण ती माहिती पाकिटात नाहीच. दिलासा एवढाच की चूक एकूण प्रवासाच्या निम्म्याहून मोठी होऊ शकत नाही. इथे जास्तीत जास्त २०. म्हणून मी सर्व्हर निवडताना त्याच्या नावापेक्षा त्याचं अंतर आधी बघतो. स्ट्रॅटम एकचा, म्हणजे थेट अणुघड्याळाला किंवा जीपीएसला जोडलेला सर्व्हर दीडशे मिलिसेकंद लांब असेल आणि स्ट्रॅटम दोनचा पाच मिलिसेकंदांवर, तर मी डोळे मिटून दुसरा घेतो. स्ट्रॅटमचा आकडा म्हणजे मूळ घड्याळापासून किती हात लांब, एवढंच. १५ पर्यंत चालतं, १६ म्हणजे ‘माझं घड्याळ कुणाशीच जुळलेलं नाही’. गुणवत्तेचा तो शिक्का नव्हे.

आता तुमची तक्रार, ‘डिमन दुरुस्तच करत नाही’. तो करत असतो, पण सावकाश, आणि ते जाणूनबुजून. जुन्या एनटीपी डिमनचा नियम असा: फरक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळाला हलकेच ओढायचं, आणि ओढण्याचा वेग जास्तीत जास्त ५०० पीपीएम. या वेगाने एक सेकंद भरून काढायला २००० सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटं लागतात. फरक १२८ च्या बाहेर गेला तर तो लगेच उडी मारत नाही. काही मिनिटं थांबून फरक खरोखर टिकून आहे याची खात्री करतो आणि मगच मारतो. फरक १००० सेकंदांपेक्षा मोठा निघाला तर त्याला वाटतं काहीतरी भयंकर चुकलंय, आणि तो लॉगमध्ये एक ओळ लिहून चक्क बंद पडतो. सुरुवातीला ही मर्यादा एकदा माफ करणारा पर्याय आहे, पण तो दिलेला नसेल आणि मशीनची बॅटरी मेलेली असेल तर डिमन सुरू होतो, मरतो, आणि माणूस म्हणतो एनटीपी चालत नाही.

बॅटरीचं नाव निघालंच आहे तर, मशीनमध्ये घड्याळं दोन असतात. एक बॅटरीवर चालणारं, मशीन बंद असतानाही टिकटिकणारं. त्याचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दुसरं कर्नलचं, जे मशीन सुरू होताना पहिल्याकडे बघून लावलं जातं आणि नंतर स्वतःच्या चालीने चालतं. तुमचे लॉग, डेटाबेस सगळे दुसऱ्याला विचारतात. घड्याळ जुळलेलं असलं की लिनक्स दर ११ मिनिटांनी दुसऱ्यावरून पहिलं लावून ठेवतो. हे चालू आहे ना ते पाहून घ्या. क्रॉनी या नव्या एनटीपी डिमनमध्ये त्यासाठी ‘आरटीसीसिंक’ ही ओळ लागते.

आज नव्याने बसवायचं तर मी क्रॉनी बसवतो. नेटवर्क अधूनमधून जाणारं असो, व्हर्च्युअल मशीन असो की नुकतंच सुरू झालेलं मशीन, तो जुन्या डिमनपेक्षा लवकर जागेवर येतो. काही वितरणांत आधीच येणारा सिस्टिमडीचा टाइमसिंक लॅपटॉपला पुरेसा आहे, पण तो एकाच सर्व्हरचं ऐकतो, इतरांशी ताडून बघत नाही. सर्व्हरवर मी तो ठेवत नाही. काहीही ठेवा, एका वेळी एकच ठेवा.

मांडणी अशी करा. दहापैकी तीन प्रत्यक्ष मशीनं, व्हर्च्युअल नव्हेत, बाहेरच्या चार-चार सर्व्हरांकडून वेळ घेतील. बाकीची सात या तिघांकडून घेतील. बाहेरच्यासाठी सार्वजनिक एनटीपी पूल चांगला आहे. २००३ पासून स्वयंसेवकांच्या सर्व्हरांवर चालतो, आणि क्रॉनीत ‘पूल’ ही एकच ओळ लिहिली की तो आपणहून चार सर्व्हर उचलतो. चारच का, हे नेहमी विचारलं जातं. एकच असेल तर तो खोटं बोलला तरी तुम्हाला कळणार नाही. दोन असतील आणि त्यांचं पटलं नाही, तर कुणाचं ऐकायचं? दोन घड्याळं वापरणारा एक घड्याळवाल्यापेक्षा जास्त गोंधळात असतो. तीन असतील तर दोघांच्या साक्षीने तिसरा उघडा पडतो. चौथा, त्यांतला एक बंद पडला तरी तीन उरावेत म्हणून.

क्रॉनीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आणखी दोन-तीन गोष्टी. प्रत्येक सर्व्हरपुढे ‘आयबर्स्ट’ लिहा, म्हणजे सुरू होताच दोन-दोन सेकंदांनी काही पाकिटं जातात आणि मिनिटभर वाट बघावी लागत नाही. ‘मेकस्टेप १ ३’ लिहा: सुरुवातीच्या पहिल्या तीन मोजमापांत फरक एका सेकंदाहून जास्त दिसला तरच उडी, नंतर कधीही नाही. मशीन सुरू होताना, डेटाबेस उठायच्या आधी उडी झालेली चालते. चालू दिवसात नको. आतल्या तीन मशीनांवर ‘लोकल’ची ओळ ‘ऑर्फन’सकट घाला, स्ट्रॅटम १० देऊन, आणि प्रत्येकाला बाकीच्या दोघांचीही नावं सर्व्हर म्हणून द्या. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी तिघं आपसात एकालाच प्रमाण मानतील आणि दहाही मशीनं एकत्र राहतील. लॉगच्या क्रमासाठी सगळी मिळून अर्धा सेकंद चुकली तरी बिघडत नाही. वेगवेगळी चुकली की बिघडतं.

बसवल्यावर दोन कमांड रोज बघायच्या. पहिली, क्रॉनीसी सोर्सेस. ज्या ओळीपुढे तारका तो सध्या मानलेला सर्व्हर, अधिकचं चिन्ह असलेले त्याच्या सोबतीला घेतलेले, आणि इंग्रजी एक्ससारखी फुली म्हणजे हा खोटं बोलतोय असं ठरलेला. त्यातला ‘रीच’चा रकाना नवख्यांना हमखास चकवतो. तो शेवटच्या आठ प्रयत्नांची हजेरी आहे, आठच्या पायात लिहिलेली. ३७७ म्हणजे आठही उत्तरं आली. ० म्हणजे एकही नाही, आणि अशा वेळी दहातल्या नऊदा फायरवॉल यूडीपी १२३ अडवत असते. टीसीपी या दुसऱ्याच पद्धतीचा पोर्ट उघडून ‘आम्ही १२३ उघडलाय’ सांगणारे नेटवर्कवाले मला एकाहून अधिक भेटलेत.

दुसरी, क्रॉनीसी ट्रॅकिंग. नमुन्यादाखल, तिथे असं दिसेल: सिस्टिम टाइम ०.०००३४ सेकंद मागे, फ्रिक्वेन्सी २८.४ पीपीएम फास्ट, स्क्यू ०.०४. पहिल्या आकड्याकडे सगळे बघतात. मी दुसऱ्याकडे बघतो. २८.४ फास्ट म्हणजे हे मशीन मोकळं सोडलं तर दिवसाला अडीच सेकंद पुढे जाईल. तुमचे हरवलेले सेकंद इथे आकड्यात सापडतात. स्क्यू म्हणजे त्या अंदाजातली अनिश्चितता. ती पहिल्या तासात मोठी असते आणि मग खाली येते. खाली येतच नसेल तर नेटवर्क फार हेलकावतंय, किंवा कुणीतरी अजून काटे हलवतंय.

व्हर्च्युअल मशीनांना वेगळा न्याय लागतो. त्यांचं घड्याळ यजमान मशीनच्या मर्जीवर. मशीन गोठवलं आणि तासाने पुन्हा चालू केलं, तर आतल्या घड्याळाला तो तास कळलेलाच नसतो. बहुतेक व्हर्च्युअलायझेशनची साधनं आतल्या मशीनचं घड्याळ स्वतः लावायला बघतात, आणि आत क्रॉनीही चालू असतो. पुन्हा दोन मालक. साधनाचं नियमित वेळ जुळवणं बंद करा, आत क्रॉनी ठेवा, आणि फक्त या दोन मशीनांवर ‘मेकस्टेप’मध्ये ३ च्या जागी उणे १ लिहा, म्हणजे गोठण्यातून उठल्यावर केव्हाही उडी मारता येईल. केव्हीएमवर (लिनक्सचीच व्हर्च्युअल मशीनं चालवायची सोय) असाल तर यजमानाचं घड्याळ थेट पीटीपी उपकरण म्हणून, म्हणजे अचूक वेळेचा स्रोत म्हणून, आत दिसू शकतं. तसं झालं तर नेटवर्कची भानगडच उरत नाही. कंटेनरला, म्हणजे यजमानाच्याच कर्नलवर चालणाऱ्या वेगळ्या कप्प्याला, मात्र स्वतःचं घड्याळ नसतं. त्यात एनटीपी बसवू नका. यजमान सुधारला की तोही सुधारतो.

टाइम झोन आणि घड्याळ यांची गल्लत करू नका. एनटीपी फक्त यूटीसी, म्हणजे जगभराची एकच प्रमाणवेळ, देतो. लॉग नेमके काही तास किंवा अर्धा तास सरकलेले दिसत असतील तर तो झोनचा प्रश्न आहे, एनटीपीशी त्याचा काही संबंध नाही. सर्व्हर यूटीसीत ठेवा, माणसांना दाखवताना बदला.

लीप सेकंदाबद्दलही, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला घड्याळात घातलेल्या जादा सेकंदाबद्दलही, एक सूचना. १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. त्यानंतर एकही नाही, आणि २०३५ पर्यंत ही प्रथा थांबवायचं २०२२ मध्ये ठरलंय. जून २०१२ च्या लीप सेकंदाला लिनक्स कर्नलमधल्या एका चुकीमुळे कितीतरी सर्व्हरांचे प्रोसेसर विनाकारण पूर्ण वेगाने धावत राहिले होते. काही मोठे पुरवठादार तो सेकंद दिवसभरात पसरून वाटतात. तसा पसरवणारा आणि न पसरवणारा सर्व्हर एकाच फाइलमध्ये कधीही घालू नका, त्या दिवशी ते एकमेकांना खोटे ठरवतील.

किती अचूकतेची अपेक्षा धरावी? एकाच स्विचवरच्या मशीनांत मिलिसेकंदाच्या बऱ्याच आत, इंटरनेटवरून काही मिलिसेकंद. याहून बारीक, मायक्रोसेकंदांच्या आत हवं असेल तर पीटीपी ही एनटीपीहून अचूक पद्धत आणि हार्डवेअरवर वेळेचा शिक्का मारणारी नेटवर्क कार्डं लागतात. तुमच्या लॉगना त्याची गरज नाही. केरबेरॉसची (कार्यालयांतल्या नेटवर्कवर ओळख पटवणारी व्यवस्था) लॉगिनं साधारणपणे पाच मिनिटांचा फरक खपवून घेतात, मोबाइलवरचे सहा आकडी कोड बहुधा तीस सेकंदांचे असतात. साधा एनटीपी पाकिटातली वेळ कुणी बदलली तर ओळखत नाही; त्यासाठी एनटीएस हा एनटीपीचा सुरक्षित प्रकार आहे, २०२० पासून, आणि क्रॉनीत तो चालतो. फक्त आधी कोंबडी की आधी अंडं होतं: प्रमाणपत्र वैध आहे का हे बघायला घड्याळ बरोबर हवं, आणि घड्याळ बरोबर करायला प्रमाणपत्र. म्हणून तिथे बॅटरी धडधाकट ठेवा.

आता त्या शेड्यूलरची राहिलेली गोष्ट. त्याने ‘किती वेळ गेला’ हे मोजायला भिंतीवरचं घड्याळ वापरलं होतं आणि ‘हे काम आज झालंय’ अशी नोंद कुठेच केली नव्हती. कालावधी मोजायचा असेल तर कर्नलचं मोनोटॉनिक घड्याळ वापरा. ते मागे जात नाही, कुणी काटे हलवले तरी. आणि दोन मशीनांवरच्या घटनांचा क्रम केवळ वेळेच्या शिक्क्यावर ठरवू नका. विनंतीला एक क्रमांक द्या, तो उत्तरासोबत लॉगमध्ये लिहा. घड्याळं मिलिसेकंदाने जुळली तरी अर्ध्या मिलिसेकंदात येणारं उत्तर लॉगमध्ये विनंतीच्या आधी दिसू शकतं.

क्रॉन काढून क्रॉनी बसवल्यावर एक आठवडा जाऊ द्या आणि दहाही मशीनांच्या फ्रिक्वेन्सीचे आकडे एका कागदावर उतरवा. प्रत्येकाचा आकडा वेगळा असेल, पण दिवसागणिक एखाद-दोन पीपीएमपलीकडे हलायला नको. आठही प्रत्यक्ष मशीनांचे आकडे एकाच वेळी हलले तर खोलीतल्या वातानुकूलन यंत्राकडे जाऊन बघा. फक्त ती दोन व्हर्च्युअल मशीनं हलली, तर आत काही शोधत बसू नका; यजमान मशीनवर ट्रॅकिंगची कमांड चालवा आणि ते स्वतः कुणाचं ऐकतंय ते आधी पाहा.